कंपाउंडरचं पोट

गावाला पोटाचं औषध देणाऱ्या माणसाचंच पोट बारा महिने बिघडलेलं असावं, याला काय म्हणायचं? उकंडराव कंपाउंडर याला नशीब म्हणत नसत, छळ म्हणत. सकाळी आठला दवाखाना उघडायचा, लोकांनी घरून आणलेल्या बाटल्या विसळायच्या, त्यांत गुलाबी मिक्श्चर भरायचं, बाटलीच्या पाठीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची आणि सांगायचं, "दिवसातून तीनदा, जेवणानंतर." सांगता सांगताच पोटात पहिली कळ उठायची. मग बाटली अर्धवट भरलेली टेबलावर सोडून, मागच्या दाराआडचं टमरेल उचलून हा माणूस नाल्याच्या दिशेनं चालू लागायचा. रांगेतले लोक बिचारे वाट पाहत. एखादा म्हणायचाच, "कंपाउंडर साहेबाले त्यायचंच औषध कोनीतरी पाजा बे."

डोणगावच्या पुढं चार कोसांवरचं हे गाव. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, दवाखाना नुकताच जिल्हा परिषदेकडे आला होता. उकंडराव मूळचे पिंपळगाव राजाचे, कुणब्याच्या घरातले, बदलीवर इकडे आलेले. वय चाळीस. अंगानं काटकुळे, पण दिसायला धडधाकट, आणि खरी पंचाईत तिथंच होती. ताप चढला तर कपाळ तापतं, हात मोडला तर फळी बांधतात, लोकांना दिसतं. पोटातली कळ कोणाला दिसते? ती उठते, आतडी पिळून काढते, चार वेळा नाल्यावर धाडते आणि संध्याकाळी अशी नाहीशी होते की माणूस खोटारडा ठरावा.

दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी पोट दाबून पाहिलं, शौच तपासायला बुलढाण्याला पाठवलं. जंत नाहीत, आव नाही, काही नाही. साहेब म्हणाले, "उकंडराव, रोग नाही. तुमचं आतडं चिडक्या स्वभावाचं आहे. हलकं खा आणि चिंता करू नका." उकंडराव मनात म्हणाले, आतडं चिडकं नव्हतं साहेब, चौदा वर्षांत चिडवलं गेलं. आणि चिंता करू नका हे औषध कुठल्या बाटलीत मिळतं तेवढं सांगा.

'हलकं खा' या दोन शब्दांनी तर त्यांचा जीवच घेतला. कारण आपल्याकडे हलकं म्हणजे काय, हे कोणाला विचारावं लागत नाही. दूध हलकं, गव्हाची पोळी हलकी. ज्वारीची भाकर जड, ती धट्ट्याकट्ट्या माणसानं खावी. त्यांची बायको कौशल्याबाई जिवाला जीव देणारी बाई. नवऱ्याचं पोट बिघडलं की ती स्वतः भाकर खाऊन त्यांच्यासाठी पोळ्या लाटायची, वर गरम दुधाचा पेला द्यायची. पोट जितकं बिघडे तितक्या पोळ्या, आणि जितक्या पोळ्या तितकं पोट. हा रहाट चौदा वर्षं फिरला आणि दोघांपैकी एकालाही शंका आली नाही.

सुटका झाली ती योगायोगानं. कौशल्याबाई भावाच्या लग्नासाठी महिनाभर माहेरी गेली. उकंडरावांना पोळी लाटता येत नव्हती. भाकर थापता यायची, ती वाकडी का होईना. भाकर, मुगाचं पातळ वरण, दोडक्याची नाहीतर दुधी भोपळ्याची भाजी आणि ताक. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं म्हणून कांदा नाही, लसूण सोलायचा कंटाळा म्हणून लसूण नाही. दूधवाल्याला तर महिनाभर नको म्हणूनच सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या रांगेतल्या सगळ्या बाटल्या भरून झाल्या आहेत आणि आपण अजून टेबलापाशीच उभे आहोत. त्यांनी मागच्या दाराआड पाहिलं. टमरेलात कोळ्यानं जाळं विणलं होतं.

मग त्यांनी कंपाउंडरची अक्कल लावली. एकेक जिन्नस परत खाऊन पाहायचा. पोळी खाल्ली, दुसऱ्या दिवशी नाला. दूध, नाला. तुरीचं वरण, नाला. हरभऱ्याची डाळ, कांदा, तर्रीची भाजी, सगळ्यांचा रस्ता तिकडेच. भाकर, भात, मूग, ताक, साध्या फोडणीची भाजी एवढ्यावर मात्र पोट गपगुमान बसे. कौशल्याबाई परतली तेव्हा त्यांनी हे सांगितलं, तर ती रडायलाच बसली.

"आजारी मानसाले भाकर देऊ? शेजारपाजारच्या बाया काय म्हनतीन मले? घरात गहू असून नवऱ्याले भाकरीवर ठेवलं."

"त्या बायायले माह्या जागी नाल्यावर पाठव," उकंडराव म्हणाले.

तेव्हापासून भाकर ठरली ती ठरली. पण स्वतःच्या घरात जिंकलेली लढाई लोकांच्या घरात रोज हरावी लागायची. लग्न, बारसं, तेरवी, कुठंही जा, पानावर नेमकं तेच यायचं जे पोटाला वैरी. 'पोट बरं नाही' म्हणत म्हणत त्यांची जीभ झिजली. लोक हसत, आग्रह करत, एखादा रुसे. हळूहळू त्यांनी बोलावणी टाळायला सुरुवात केली. चारचौघांत बसून पोटभर जेवण्यासारखी साधी गोष्ट आपल्या नशिबातून गेली, याचा त्यांना इतका संताप यायचा की कधीकधी मिक्श्चरची बाटली भिंतीवर फेकावीशी वाटे.

दवाखान्यात त्यांच्या जोडीला माणिकराव ड्रेसर होते. तिशीचा माणूस, हात हलका, गळू फोडताना रोग्याला गोष्टीत गुंतवून ठेवणारा. बौद्ध घरातले. मॅट्रिक झालेले, वस्तीतले पहिले सरकारी नोकर. दोन वर्षं दोघांनी एकत्र काढली होती. साथीच्या दिवसांत एकाच सायकलवर डबलसीट खेडी फिरले होते, एका खेड्यात तर दोघांनी मिळून बैलगाडीतच एका बाईचं बाळंतपण केलं होतं. उकंडरावांना या गावात खरा दोस्त कोण विचारलं असतं तर त्यांनी माणिकरावांचंच नाव घेतलं असतं.

दुपारी माणिकराव जेवायला घरी जात, उकंडराव औषधांच्या खोलीत डबा उघडत. पण सणावाराला, घरी काही गोडधोड झालं की माणिकराव परत येताना वाटी घेऊन येत. आईनं, रुखमाबाईनं, मुद्दाम दिलेली असे. कधी पुरणपोळी, कधी खीर, कधी तुरीच्या दाण्यांची झणझणीत आमटी. उकंडराव वाटीकडे पाहत, पोटावर हात ठेवत आणि म्हणत, "माणिकराव, पोट बरं नाही हो माह्यं." माणिकराव "बरं" म्हणत आणि वाटी झाकून बाजूला ठेवत. एवढंच. रुसणं नाही, आग्रह नाही. उकंडरावांना वाटे, हा एक तरी समजूतदार भेटला. पुढंपुढं वाट्या येणं बंद झालं, तेव्हा तर त्यांना हायसंच वाटलं.

मग माणिकरावांनी घर बांधलं. दोन खोल्या, वर टिनपत्रे, पुढं ओटा. नवा गहू घरात येतो त्या दिवसांत घरभरणी ठरली. त्यांनी गावातल्या चार प्रतिष्ठितांना आणि दवाखान्यातल्या सगळ्यांना बोलावलं, आणि एक गोष्ट सगळ्यांना सांगून टाकली, की या वेळी शिधा मिळणार नाही.

हा शिधा म्हणजे गावाची जुनी चाल. वस्तीतल्या कार्याला वरचे लोक येत, ओट्यावर वेगळ्या बाजेवर बसत, आहेर देत, आणि जेवायची वेळ झाली की कोरडं पीठ, डाळ, गूळ पदरात बांधून घेत. शिजवून घरी खाऊ म्हणायचे. धर्म बदलून आठ-नऊ वर्षं झाली, पण ही चाल काही बदलली नव्हती. माणिकराव म्हणाले होते, "जो येईन त्यानं पंगतीत बसाव. नसन बसाचं त येऊ नये."

त्या आठवड्यात भाऊराव दवाखान्यात आले. गावातले मोठे कास्तकार, गुडघ्याला लावायचं तेल न्यायला यायचे. खोलीत दुसरं कोणी नाही पाहून त्यांनी आवाज उतरवला.

"तुमी काय करता घरभरनीले?"

"जाईन. काऊन?"

"जा, जा. तुमाले काय चिंता." भाऊराव हसले आणि त्यांनी उकंडरावांच्या खांद्यावर थोपटलं. "दोन वर्षापासून पाहून राह्यलो मी. वाटी आली का पोटावर हात. भांडन नाई, तंटा नाई, कोनाले बोट दाखवाले जागा नाई. आमच्या बापजाद्यायनं हेच केलं, पन तुमच्याएवढं सफाईनं कोनाले जमलं नाई."

भाऊराव तेल घेऊन गेले. उकंडराव हातात बूच धरून उभे राहिले. चौदा वर्षं पोटानं त्यांचे हाल केले, पण आजच्यासारखी कळ कधी उठली नव्हती. ती पोटातली नव्हती. माणिकरावांचं ते शांत 'बरं', ती झाकलेली वाटी, मग वाट्या बंद होणं, सगळं एकदम उलटं होऊन समोर आलं. म्हणजे दोन वर्षं हा माणूस आपल्याशी हसून बोलतोय आणि मनात आपल्याला भाऊरावांच्याच रांगेत बसवतोय. आपण मात्र स्वतःच्या आतड्यात इतके गुंतलेले, की समोरच्याच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नाही.

ते तडक ड्रेसिंगच्या खोलीत गेले. माणिकराव कात्र्या उकळत होते.

"माणिकराव, एक सांगाचं होतं. माह्यं पोट खरंच खराब हाये. गहू, तूर, कांदा, काही चालत नाही."

बोलता बोलताच आपलं बोलणं आपल्या कानाला कसं लागतंय ते त्यांना कळलं. घरभरणी चार दिवसांवर, आणि हे वाक्य.

माणिकरावांनी चिमट्यानं एक कात्री बाहेर काढली, फडक्यावर ठेवली. "हो न. या आठवड्यात लय जनायचं पोट बिघडलं. तुमी नका येऊ, साहेब. मी काई मनात धरनार नाई."

'साहेब' ते नेहमीच म्हणत, पण त्या दिवशी तो शब्द उकंडरावांना चाबकासारखा लागला. आणखी बोलावं तर आणखी खोटं वाटणार. घरी येऊन त्यांनी कौशल्याबाईला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मी जेवनार. पोटभर जेवनार. मंग काय व्हायचं ते होऊ दे."

कौशल्याबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "जेवा. मीबी जेवते. पन तुमी आजारी पडसान, अन् दहा डाव टमरेल घेऊन नाल्यावर जासान. लोक काय म्हनतीन? त्यायच्या घरचं खाल्लं अन् बाधलं. भाऊराव त गावभर सांगत फिरन."

हे उकंडरावांच्या डोक्यातच आलं नव्हतं. न जेवावं तर दोस्त गेला. जेवून आजारी पडावं तर दोस्ताच्या घराला बट्टा. म्हणजे जेवायचंही आणि धडधाकटही राहायचं, नाहीतर निदान दिसायचं. ज्या पोटानं लग्नाच्या मुहूर्ताचीही कधी भीड ठेवली नाही, ते आता ऐकणार होतं? त्यांना कोणावर तरी ओरडावंसं वाटलं, आणि ओरडण्यासारखं समोर कोणीच नव्हतं.

घरभरणीच्या दिवशी सकाळी वंदना झाली, भंतेजींनी पंचशील दिलं. दुपारी ओट्यापुढं पंगत बसली, कौशल्याबाई आत बायांच्या पंगतीत. वरच्या गावातून आलेले मोजके पाच-सहा जण होते. भाऊराव आहेर देऊन, उपास आहे म्हणून, समोरच्या लिंबाखाली बसून राहिले होते. घरी गेले नाहीत. कोण काय करतं ते त्यांना पाहायचं होतं.

पत्रावळीवर वरणबट्टी आली. तुपात तळलेल्या गव्हाच्या बट्ट्या, तुरीचं लसणाच्या फोडणीचं वरण, कांद्या-खोबऱ्याच्या वाटणातली वांग्याची भाजी. वर बुंदी. एवढे सगळे वैरी एका पत्रावळीवर उकंडरावांनी आजवर पाहिले नव्हते. त्यांनी बट्टी कुस्करली, वरण ओतलं आणि पहिला घास घेतला. घास चांगला लागला, हे अधिक वाईट. कितीतरी वर्षांत इतकं चवीचं त्यांच्या तोंडात पडलं नव्हतं.

रुखमाबाई स्वतः वाढायला आल्या. सत्तरीची बाई, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. उकंडरावांच्या पानापुढं थांबल्या आणि दुसरी बट्टी घेऊन उभ्याच राहिल्या. घालू का असं विचारलंही नाही. पंगतीतल्या माना तिकडे वळल्या.

"वाढा, आई," उकंडराव म्हणाले.

तिसरीलाही त्यांनी नाही म्हटलं नाही. हात धुतले तेव्हा माणिकराव तांब्या घेऊन समोर होते. त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत न पाहिलेलं हसू होतं. त्या हसण्यापायी उकंडराव आणखी तास-दीड तास ओट्यावर बसून राहिले. पान खाल्लं, पत्र्याचा भाव विचारला. पहिली कळ पान खातानाच उठली होती. दुसरीला त्यांनी बाजेची कड घट्ट धरून ठेवली. तिसरीला कपाळावर घाम फुटला, तो त्यांनी उन्हाच्या नावावर पुसला.

नाल्याची वाट भाऊरावांच्या लिंबावरूनच जात होती. तिकडे जाणं म्हणजे दवंडी पिटणं. उकंडराव उठले, "डोणगावले काम हाये जरा," म्हणाले आणि सायकलवर बसले.

"एवढ्या उन्हाचं?" भाऊरावांनी लिंबाखालून विचारलं. "तब्येत बरी हाये न?"

"एकदम फसकलास," उकंडराव म्हणाले आणि पायडल मारलं.

गाव नजरेआड होईपर्यंत त्यांनी सायकल कशी चालवली ते त्यांचं त्यांना माहीत. पहिल्या वळणाला सायकल टाकली आणि तुरीच्या कापलेल्या तुराट्यांच्या गंजीआड गेले. पुढचे दोन तास त्या गंजीआडच गेले. उठायचे, चार पावलं टाकायचे, परत वळायचे. पाणी जवळच्या विहिरीवरून एका फुटक्या मडक्यात आणावं लागलं. शेवटी अंगात त्राण उरलं नाही, तेव्हा रस्त्याच्या कडेला बाभळीला टेकून बसले.

भंतेजींना डोणगावच्या मोटारीत बसवून माणिकराव सायकलवर परत येत होते. त्यांना आधी आडवी पडलेली सायकल दिसली, मग माणूस. उतरून त्यांनी सवयीनं नाडी धरली, तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचाच चेहरा उतरला.

"जेवन बाधलं का, साहेब? सत्तर मानूस जेवलं आज."

"जेवनाले काही झालं नाही. सत्तरांपैकी एकोनसत्तर बरे असतीन. हे माह्यंच…" उकंडराव थांबले. तेच शब्द तोंडात आले होते, आणि आता ते उच्चारायची त्यांना चीड आली होती. त्यांनी नुसता गंजीकडे हात दाखवला.

माणिकरावांना समजायला थोडा वेळ लागला. ते खाली मातीतच बसले.

"म्हंजे ते खरं होतं."

"दोन वर्षं सांगून राह्यलो मी तुले." उकंडरावांना पहिल्यांदाच अरे-तुरे आलं.

"हाव. सांगतलं तुमी." माणिकराव खाली पाहत बोलत होते. "माह्या बापाले लोकायनं जलमभर हेच सांगतलं. त्याच्या पंगतीत ज्याचं त्याचं पोट खराब. हजारात एखाद्याचं खरंच दुखत असन, असं मले कवा वाटलंच नाई." मग एकदम चिडून म्हणाले, "पन मंग आज कायले खाल्लं? अन् तीन तीन बट्ट्या? मरायचं होतं?"

"नसतो जेवलो त तू मले मानसात धरलं असतं?"

माणिकरावांनी खोटं सांगितलं नाही. "नसतं धरलं," ते म्हणाले.

मग माणिकरावांनी विचारलं, "चालते काय मंग तुमच्या पोटाले?"

"भाकर. मुगाचं वरन. दोडकं, भोपळा. ताक."

माणिकराव त्यांच्याकडे पाहतच राहिले. "अन् मी गव्हासाठी दोन डाव मेहकरले गेलो. आई म्हने, कंपाउंडर साहेब पंगतीले बसन का नाई ठाऊक नाई, पन बसले त पानात भाकर नको."

दोन दिवस उकंडराव घरात पडून होते. ताप आहे असं कौशल्याबाईनं गावाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी माणिकराव त्यांना घेऊन नव्या घरी आले. रुखमाबाई चुलीपुढं होत्या. लेकानं सगळं सांगितलेलं होतं, तरी परातीतलं ज्वारीचं पीठ पुढं ओढताना त्यांचा हात अडत होता. पाहुण्याला भाकर वाढणं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण भाकर थापली, भाजली, मुगाचं वरण वाढलं, बाजूला ताकाचा पेला ठेवला. उकंडरावांनी एक भाकर संपवली आणि दुसरी मागितली. पोट कुरकुरलं नाही.

रुखमाबाई दुसरी भाकर तव्यावर टाकून त्यांच्याकडे पाहत होत्या.

"एवढंच लागते तुमाले?"

"एवढंच, आई."

"हे त आमच्या चुलीवर रोज शिजते," म्हातारी म्हणाली. "दोन वर्षं याच गल्लीनं जात होते तुमी. जेवाच्या टायमाले एक डाव आत आले असते त."

आजवर उकंडराव पोटावर चिडत आले होते, आज पहिल्यांदा पोट गप्प होतं आणि चीड स्वतःवर होती. त्यांनी मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा वरणात बुडवला.